चॅटजीपीटी काही महिने वापरल्यावर : फुटलेला डिस्प्ले, पिनचा रकाना आणि एक बटण

चॅटजीपीटी उत्तरं कशी देतं, कुठे बिनधास्त थापा मारतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यावर लिहीत नाही. लिहायचं कारण वेगळं : त्यातल्या माझ्या खाजगी गप्पा. दादरच्या गर्दीत फोन हातातून सुटला, डिस्प्ले गेला आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटवर एक रकाना दिसला : स्क्रीन लॉक पिन.

डिस्प्ले बदलायला पिन कशाला? म्हणे टच चेक करायला. अहो, लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी डायलचं कीपॅड असतं, त्यावर बोट फिरवून बघा की! नाही, सिस्टीम रकाना रिकामा सोडू देत नाही. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड असतो, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड. तो लावून फोन दिला की आपलं काहीच दिसत नाही. पण लावायला स्क्रीन लागते! ज्याची स्क्रीनच गेली त्याने काय करायचं?

काउंटरवर उभ्या उभ्या हिशेब केला. यूपीआयला वेगळा पिन आहे, व्हॉट्सअ‍ॅपला बोटाचा ठसा लावलाय. चॅटजीपीटी मात्र फोन उघडला की सताड उघडं. आत पत्त्यासकट बायोडेटा, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी विचारलेलं बाबांचं उत्पन्न, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं रडगाणं. तिथेच ठरवलं होतं, दोन स्टार.

मग मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून, प्रायव्हेट विंडोत, खातं उघडलं. सेटिंग्जमध्ये सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करायचं बटण सापडलं, तेही फुकटच्या प्लॅनमध्ये. बाकीच्या डिव्हाइसवर ते लागू व्हायला अर्धा तास लागू शकतो. तेवढ्यात गुगल खात्यातूनही तो फोन साइन आउट केला, नाहीतर त्याच जीमेलने कोणीही परत आत शिरलं असतं. दोन वडापाव खाऊन झाल्यावर पिन लिहून दिला, आणि फोन हातात आल्या आल्या तो पिन बदलला. त्या एका बटणासाठी स्टार चार केले. बँकांच्या अ‍ॅपमध्येही इतकं सरळ बटण मला चटकन सापडत नाही.

बाकी थोडक्यात. सेटिंग्जमधल्या डेटा कंट्रोल्समध्ये आपल्या गप्पा मॉडेलच्या प्रशिक्षणाला देण्याचा स्विच आहे, पैसे न भरताही बंद करता येतो. टेम्पररी चॅट हिस्टरीत दिसत नाही, पण सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत राहू शकतं. आणि चॅट डिलीट केलं म्हणून मेमरीत (आपल्याबद्दल ते लक्षात ठेवतं त्या यादीत) साठवलेली गोष्ट जात नाही, ती वेगळी जाऊन पुसायची. हे मला अजून पटलेलं नाही. केर काढला तर सुपलीत तसाच का ठेवायचा? आधार अपलोड करायचीच वेळ आली तर मास्क्ड, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आमच्या वर्गात तर स्कॅन केलेले फॉर्म पूर्ण आधारसकट 'मराठीत समजाव' म्हणून टाकतात!

चॅटजीपीटीच्या गो या पैसे भरायच्या प्लॅनबद्दल सगळे विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तो महिना ३९९ रुपयांना आला, नोव्हेंबरमध्ये वर्षभर फुकटची ऑफर निघाली. ती घेतली असेल तर पेमेंट जोडलेलं असणार, म्हणून यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत एकदा डोकावा. मी घेतलेला नाही. प्रशिक्षणाचा स्विच आणि लॉग आउटचं बटण फुकटातही तेच आहे, आणि ३९९ मध्ये माझा लोकलचा पास निघून वर सुट्टे उरतात.