तीस रुपयांचं वॉशर आणि बोहरी आळीतले काका

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत, सॅनिटरी सामानाचं एक दुकान आहे. रुंदी आमच्या बाल्कनीएवढी, दारात कमोडच्या सीटा टांगलेल्या, आत माळ्यापर्यंत खोकी. गल्ल्यावर सत्तरीचे काका. काहीही मागा, ते आधी विचारतात, "जुना पीस आणलाय?" नाही म्हटलं की नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे. पहिल्या दिवशी मी तणतणत परत आले होते.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधल्या कमोडची टाकी दोन महिने गळत होती. धो धो नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी आपली आपण 'स्स्स' करून भरायची आणि गप्प बसायची. दिवसा कुणाला पत्ता नाही. रात्री दोन वाजता मात्र सासूबाईंची हाक यायची, "अगं, कोण उठलंय?" कुणी नाही हो आई, टाकी आहे.

अ‍ॅपवरून प्लंबर बोलावला. त्यानं झाकण उचललं, मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, पूर्ण सेट बदलावा लागेल. 1,850." बघण्याचे 199 वेगळे. नक्की काय बिघडलंय, तर म्हणे जुनं झालंय. जुनी तर मीही झालेय, पूर्ण सेट बदला असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मग ऑनलाइन 'सगळ्या टाक्यांना चालणारा' सेट मागवला. आमच्या टाकीला चालला नाही. परत पाठवला.

शेवटी स्वतःच टाकीत डोकं घातलं. आत दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक, पाणी भरणारा व्हॉल्व्ह, ज्याचा फ्लोट वर आला की पाणी थांबतं. दुसरा, मधला मनोरा, ज्याच्या बुडाला रबरी वॉशर असतं. बटण दाबलं की मनोऱ्याचा आतला भाग वर उचलला जातो आणि पाणी सुटतं. भरणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर पाणी चढत जाऊन ओव्हरफ्लो नळीतून कमोडमध्ये पडतं. आमचं पाणी त्या नळीच्या तोंडापासून चांगलं दोन बोटं खाली होतं, म्हणजे तो निर्दोष. खात्रीसाठी बर्फीचा हिरवा रंग टाकीत ओतला आणि अर्धा तास कुणी फ्लश करायचा नाही असं घरात जाहीर केलं. वीस मिनिटांत कमोडमध्ये हिरवं पाणी. चोर वॉशर.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे पुढचं राहवलं नाही. अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद केला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारली, दहा मिनिटं थांबले. पातळी 2 सेंटिमीटर उतरली. टाकी आतून साधारण 40 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे 1,200 मिलिलिटर गेलं. तासाला 7 लिटर, दिवसाला 170च्या वर. शहराच्या पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी 135 लिटर धरून करतात. म्हणजे आमच्या घरात एक माणूस जास्तीचा राहत होता, अंघोळ-कपडे सगळं उरकून वर 35 लिटर उधळणारा. आणि गुरुवारी पाणी बंद म्हणून आम्ही बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायचो!

दुकानात पहिल्यांदा गेले ती फोटो घेऊन, स्कूटरवर. स्कूटर लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं गेली आणि काकांनी फोटोकडे बघितलंही नाही. "फोटोत जाडी दिसत नाही, ताई."

दुसऱ्यांदा पीस घेऊन गेले. मनोरा काढणं वाटलं होतं तेवढं अवघड नाही: अँगल कॉक बंद करायचा, फ्लश करून टाकी रिकामी करायची, बटणाचं झाकण काढून मनोरा धरायचा आणि डावीकडे पाव वळसा द्यायचा. आमचा तरी तसाच निघाला. आनंदनगरहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडई. स्टेशनवर पर्स मशीनमधून गेली आणि सुरक्षारक्षक बाईंनी विचारलं, "हे काय आहे?" मागे रांग. "संडासच्या टाकीचा पार्ट आहे," मी शक्य तितक्या हळू सांगितलं. त्यांनी ते पुन्हा मोठ्यानं म्हणून दाखवलं.

काकांनी पीस हातात घेतला, वॉशरच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. रबर पापडासारखं कडक, कडेला पांढरे क्षार. "टँकर येतो का?" येतो, उन्हाळाभर, बोअरचं पाणी. "टाकीत निळी वडी टाकता?" टाकतो. त्यांनी मान हलवली. त्या वड्यांनी रबर लवकर जातं, हे मला तिथं कळलं. वडी मीच दर महिन्याला कौतुकानं आणत होते. मग त्यांनी ड्रॉवरमधून एकेक वॉशर काढून जुन्यावर ठेवून पाहिलं. तिसरं बरोबर बसलं. तीस रुपये. आलेच आहे तर सगळा मनोराच नवा घेऊ का, असं मी विचारलं. "हा चांगलाय. कशाला?" म्हणाले. दुकानदार असं बोललेला मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

निघताना त्यांनी बजावलं, वॉशर जिथं टेकतं ती कडा बोटानं चाचपा, खरखरीत लागली तर साफ करा, पण पॉलिश पेपर नको. मी घाईत ते केलं नाही. गळती अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर त्या कडेवर ठेवलं, हलक्या हातानं पुसलं, मनोरा परत बसवला. पुन्हा हिरवा रंग. अर्ध्या तासानं कमोड स्वच्छ.

आता तक्रारी. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. क्यूआर कोड भिंतीवर आहे, पण तीस रुपयांसाठी काका तो दाखवत नाहीत, सुट्टे मागतात. बोलणं तुटक. आणि तुमची टाकी भिंतीत गाडलेली असेल तर तिकडे जाऊच नका. त्यासाठी ते स्वतःच कंपनीच्या माणसाला बोलवा म्हणतात. म्हणून पाचातला एक तारा कापते. स्कूटरच्या जागेचा कापत नाही, तो दोष पेठेचा.

मी दोन वॉशर घेतली होती. दुसरं सासूबाईंनी त्यांच्या औषधांच्या डब्यात जपून ठेवलंय. वर चिठ्ठी आहे: 'टाकीचे. गोळी नव्हे.'