सील, फ्लोट की ग्लायडर: समुद्राच्या आतला डेटा कशातून घ्यायचा?

समुद्राच्या आतलं तापमान आणि क्षारता मोजायचा प्रोजेक्ट हातात आहे, आणि प्राण्यांना टॅग लावायचे की यंत्रं सोडायची यावर गाडी अडलीय? मग आधी एवढंच पक्कं करा की डेटा कुठला हवाय आणि कुठल्या ऋतूतला. उपकरण कुठलं भारी हा प्रश्न त्यानंतरचा.

आर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात सोडलेली, आपोआप खालीवर करत मोजणारी यंत्रं, जगभरात मिळून ४००० च्या आसपास आहेत. १००० मीटर खोलीवर प्रवाहासोबत वाहत राहायचं, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरून मोजत मोजत वर यायचं, सॅटेलाइटला डेटा द्यायचा की परत खाली. अचूकता जबरदस्त, तापमानात ०.००२ अंशाच्या घरात, त्यामुळे खोल समुद्रातला वर्षानुवर्षांचा ट्रेंड बघायचा असेल तर डोळे झाकून हेच घ्या. अडचण अशी की प्रवाह नेईल तिकडे जाणार, उथळ भूखंडमंचावर (खंडाच्या काठालगतच्या उथळ समुद्रतळावर) फारसा उपयोग नाही, आणि वर बर्फ असला तर पाणी गोठणबिंदूजवळ आलंय हे ओळखून फ्लोट मागे वळतो आणि डेटा पुढे कधीतरी मोकळं पाणी मिळेपर्यंत पोटात ठेवतो.

नेमका इथेच एलिफंट सील कामाला येतो, आणि मला स्वतःला हा प्रकार फार मोलाचा वाटतो. दक्षिणेकडचा हा सील दिवसाला साधारण ६० बुड्या मारतो, बहुतेक ४०० ते ८०० मीटरच्या, कधी २००० च्याही खाली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या सी मॅमल रिसर्च युनिटने बनवलेला, तापमान आणि क्षारता मोजणारा टॅग त्याच्या डोक्यावरच्या केसांना इपॉक्सीने चिकटवतात. डोक्यावरच का, तर श्वासाला वर आल्यावर डोकं हमखास पाण्याबाहेर येतं, अँटेना मोकळी होते आणि तेवढ्या दोन-तीन मिनिटांत सॅटेलाइटला मेसेज जातो. वर्षातून एकदा सील जुने केस टाकतो तेव्हा टॅगही गळून पडतो, काढायला परत पकडावं लागत नाही. केस टाकून झाल्यावर लगेच लावला तर अंटार्क्टिकचा पुढचा अख्खा हिवाळा मिळतो, जेव्हा जहाजं तिकडे जवळपास फिरकतच नाहीत. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या केप डार्नलीजवळ समुद्रतळाकडे जाणारं जड, थंड पाणी तयार होतं हे २०१३ मध्ये सिद्ध झालं त्यात सीलच्या डेटाचा मोठा वाटा होता.

पण तोटे नीट समजून घ्या. अचूकता फ्लोटपेक्षा बरीच कमी, दुरुस्त्या करूनही तापमानात ०.०३ अंशाच्या आसपास, म्हणजे बारीक दीर्घकालीन बदल यातून पकडायला जाऊ नका. सॅटेलाइटची बँडविड्थ तोकडी, म्हणून प्रत्येक बुडीतले मोजकेच बिंदू येतात, संपूर्ण नोंद हवी तर टॅगच परत सापडायला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सील भक्ष्य असेल तिकडे जातो, तुमच्या नकाशावरच्या रेषेवर नाही, त्यामुळे एका पट्ट्यात डेटाचा ढीग आणि शेजारी काहीच नाही असं होतं.

ठरलेल्या रेषेवर पुन्हापुन्हा मोजायचंय? मग ग्लायडर, म्हणजे पाण्याखालून जाणारं बिनमाणसाचं यंत्र. स्वतःची तरणक्षमता बदलत १००० मीटरपर्यंत खालीवर करतो, काही महिने चालतो, दिशा तुम्ही देता. फक्त वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास, जोरदार प्रवाहात त्याचं काही चालत नाही.

दुसरे प्राणी घ्यायचे तर किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाखाली अंटार्क्टिकातला वेडेल सील चांगला. ग्रीनलंड आणि कॅनडामधल्या बाफिन उपसागरात नारव्हालनी (आर्क्टिकमधला एक दातवाला देवमासा) हिवाळ्यातलं तापमान १७०० मीटरच्याही खालून आणून दिलंय, पण त्याला केस नाहीत, टॅग पाठीवर पिना घालून लावावा लागतो, म्हणून दुसरा मार्ग असेल तर मी तिकडे जाणार नाही. एलिफंट सीलवर झालेल्या अभ्यासात टॅगमुळे वजन वाढणं किंवा जगण्याचं प्रमाण यात फरक दिसला नव्हता, पण तो निष्कर्ष दुसऱ्या प्राण्याला सरसकट लावू नका, तिथे वेगळी तपासणी हवीच.

बर्फाळ भूखंडमंचावरचा हिवाळा हवा असेल तर माझं मत सीलच. मात्र लावण्याआधी प्रत्येक टॅग जहाजावरच्या सीटीडीसोबत (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) पाण्यात उतरवून तपासा, आणि शक्य तिथे जवळच्या आर्गो प्रोफाइलशी (फ्लोटने खोलीनुसार घेतलेल्या मोजमापाशी) ताडून बघा, कारण डोक्यावर चिकटवल्यावर क्षारतेचं रीडिंग थोडं सरकतं आणि ती दुरुस्ती केल्याशिवाय पाण्याची घनता काढण्यात अर्थ नाही.