कराओके डिस्क प्लेअर घेताना: नऊ महिने आणि एकतीस कार्यक्रमांनंतरचा अनुभव

पुण्यातल्या आमच्या हौशी गायकांच्या गटात ट्रॅक, म्हणजे गायकाच्या आवाजाशिवायचे गाण्याचे संगीत, लावण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. निवेदकाचे शेवटचे वाक्य संपता संपता गाण्याचा पहिला सूर वाजला पाहिजे, शब्द पडद्यावर वेळेवर उमटले पाहिजेत आणि गाणे संपल्यावर ऐन टाळ्यांत पुढचे गाणे आपोआप सुरू होता कामा नये. या सगळ्याची भिस्त मंचाच्या कडेला टेबलावर ठेवलेल्या एका यंत्रावर असते. जानेवारीत मी खास कराओकेसाठी बनवलेला डिस्क प्लेअर घेतला आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्यावर एकतीस कार्यक्रम झाले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही मॉडेले वर्ष-दोन वर्षांत बाजारातून नाहीशी होतात. घेताना काय पारखायचे ते मात्र बदलत नाही, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे.

आता सगळे जण लॅपटॉप किंवा मोबाइलवरून ट्रॅक लावतात, मग डिस्क कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. आमच्याकडे चारशेच्या वर तबकड्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच सीडींवर आमच्या गायकांनी वादकांना पैसे देऊन स्वतःच्या पट्टीत बांधून घेतलेले ट्रॅक आहेत, काही हिंदी चित्रपटगीतांच्या जुन्या कराओके व्हीसीडी आहेत आणि इंग्रजी गाण्यांच्या चाळीसएक सीडीजी आहेत. सीडीजी म्हणजे दिसायला नेहमीची ऑडिओ सीडी, पण तिच्यात गाण्याचे शब्दही साठवलेले असतात. या सगळ्याची संगणकावर प्रत करून ठेवण्याचे काम मी करते आहे. पण संगणकाचा प्रत्येक ड्राइव्ह सीडीजीमधले शब्द वाचू शकत नाही, त्यामुळे ते काम सावकाश चालले आहे. तोपर्यंत आणि त्यानंतरही, गायक हातात सीडी घेऊन आला तर ती लावता आली पाहिजे, असे माझे मत आहे.

आधीची सहा वर्षे मी घरगुती डीव्हीडी प्लेअर वापरत होते. आवाजात त्याची काही तक्रार नव्हती. अडचण अशी की एक ट्रॅक संपला की तो क्षणात पुढच्यावर जाई, आणि गायक नमस्कार करत असतानाच दुसऱ्याच गाण्याचा पीस सुरू होई. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या चार सेकंदांत माझे बोट रिमोटवर आणि जीव मुठीत असायचा. म्हणून नवीन यंत्र घेताना एकेका ट्रॅकनंतर थांबण्याची सोय ही माझी पहिली अट होती. ही सोय पुष्कळ यंत्रांत असते, परंतु काहींत ती फक्त ऑडिओ सीडीला लागू पडते आणि व्हीसीडी किंवा पेन ड्राइव्ह लावल्यावर चालत नाही. दुकानात तिन्ही प्रकारांनी तपासून घ्यावे. माझे यंत्र तिन्ही ठिकाणी नीट थांबते, आणि थांबल्यावर पुढच्या ट्रॅकच्या तोंडाशी सज्ज राहते. बटण दाबल्यापासून सूर येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो, त्यामुळे निवेदकाच्या शब्दावर शब्द देता येतो.

मे महिन्यात मडगावजवळ एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कार्यक्रम होता. तिथे जुन्या इंग्रजी गाण्यांची फर्माईश होणार हे ठाऊक असल्याने सीडीजींची पेटी बरोबर नेली होती. तिसऱ्या गाण्याला पडद्यावरचे शब्द बिघडू लागले. अक्षरांच्या मधोमध रंगीत चौकोन उमटले, एका ओळीचा अर्धा भाग आधीच्या कडव्यातलाच राहिला. संगीत मात्र कुठेही अडखळले नाही. यंत्रात दोष आहे असे समजून मी ते बदलायला निघाले होते. पण दोष यंत्राचा नव्हता.

सीडीवरच्या संगीतासाठी चुका दुरुस्त करणारी भक्कम संकेतपद्धती असते, त्यामुळे लहानसा ओरखडा कानाला कळतही नाही. सीडीजीतले शब्द मात्र संगीताच्या शेजारून जाणाऱ्या उपसंकेतांत असतात आणि त्यांना ते संरक्षण मिळत नाही. चित्र असते ३०० गुणिले २१६ ठिपक्यांचे, १६ रंगांचे, आणि ते ६ गुणिले १२ ठिपक्यांच्या ९०० लहान चौकोनांत विभागलेले असते. दर सेकंदाला माहितीची ३०० पाकिटे येतात आणि एक पाकीट फार तर एक चौकोन रंगवते. म्हणजे संपूर्ण पडदा भरायला ३ सेकंद लागतात, आणि वाटेत एखादे पाकीट वाचता आले नाही तर तो चौकोन पडदा पुसला जाईपर्यंत चुकलेलाच राहतो. गाणे उत्तम वाजते म्हणून डिस्क चांगली, हा हिशेब सीडीजीच्या बाबतीत चालत नाही. तेव्हापासून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक सीडीजी पडद्यावर बघून घेते आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसते, गोल गोल फिरवून नव्हे. गोल पुसताना पडलेला ओरखडा डिस्कवरच्या गोलाकार माहिती-रेषेच्या दिशेने लांबवर जातो आणि तो वाचणे यंत्राला सर्वांत अवघड जाते.

याच कारणाने खरेदीला जाताना दुकानदाराची चकचकीत नमुना डिस्क ऐकू नये. मी आमच्याकडची सर्वांत वाईट स्थितीतली चार तबकड्यांची जुडी घेऊन गेले होते. त्यात पूर्ण भरलेली एक जुनी सीडी होती आणि मी तिचा शेवटचा ट्रॅक लावायला सांगितला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटची गाणी कडेला असतात, आणि बोटांचे ठसे व कडेची वाक यांचा त्रास तिथेच सर्वाधिक होतो. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडींचा परावर्तित प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी असतो, म्हणून कमजोर लेझरचे यंत्र तिथे हमखास अडखळते. मी पाहिलेल्या तीन यंत्रांपैकी दोन या एका कसोटीत बाद झाली, आणि त्यांतले एक माझ्या यंत्राहून बरेच महाग होते.

पट्टी बदलण्याची सोय हा आमच्या गटाच्या दृष्टीने दुसरा महत्त्वाचा मुद्दा आहे. पुरुषाच्या आवाजातले गाणे एखादी गायिका काळी चारमध्ये गाते, युगुलगीताला दोघांनाही सोसेल अशी पट्टी काढावी लागते. टेपच्या काळात वेग कमी करून पट्टी उतरवत, आणि दोन अर्धस्वर खाली आणताना लयही सुमारे ११ टक्क्यांनी संथ होई. चार मिनिटांचे गाणे साडेचार मिनिटांच्या जवळ जाई. आता लय तशीच ठेवून पट्टी बदलता येते. माझ्या यंत्रात वर सहा आणि खाली सहा पायऱ्या आहेत, पण कामाच्या तेवढ्या सगळ्या नाहीत. दोन पायऱ्यांपर्यंत ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. तिसऱ्या पायरीला व्हायोलिनच्या लांब सुरांत कंप जाणवू लागतो, आणि चौथ्या पायरीच्या पुढे तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा जाऊन कोरडा ठोका उरतो. ज्या गायकाला चार पायऱ्या लागतात त्याने वेगळा ट्रॅक करून घ्यावा, असे मी आता आधीच सांगते.

याच सोयीत माझ्या यंत्राचा सर्वांत मोठा दोषही आहे. एका गाण्यासाठी उतरवलेली पट्टी पुढच्या ट्रॅकला मूळ जागी येत नाही. डिस्क बाहेर काढेपर्यंत तशीच राहते. फेब्रुवारीतल्या एका कार्यक्रमात आमच्या एका ज्येष्ठ गायकांना यामुळे दोन पट्ट्या खाली मुखडा उचलावा लागला, आणि त्यांच्यासारख्या रियाजी माणसाचा खर्जात दबलेला आवाज ऐकताना मला फार वाईट वाटले. आता माझ्या यादीत प्रत्येक गाण्यासमोर पट्टीचा रकाना आहे आणि पहिला सूर वाजवण्याआधी मी यंत्राच्या पाटीवरचा आकडा मोठ्याने वाचते. खरेदीपूर्वी पट्टी बदलून पुढचा ट्रॅक लावून पाहण्याची ही एक मिनिटाची चाचणी मी केली नव्हती. ती जरूर करावी.

कराओके व्हीसीडीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात बहुधा स्टिरिओ आवाजाच्या एका बाजूला (डाव्या किंवा उजव्या स्पीकरवर) केवळ संगीत आणि दुसऱ्या बाजूला गायकाच्या आवाजासह संगीत असते. योग्य बाजू निवडून ती दोन्ही स्पीकरना देणारे बटण यंत्राच्या दर्शनी भागावर असले पाहिजे, केवळ रिमोटवर नव्हे. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचेच असते, तेव्हा मोठ्या पडद्यावर ते धूसर दिसले तर यंत्राला बोल लावू नये. पडदा लहान ठेवावा.

परदेशातून नातेवाईकांकरवी यंत्र मागवणाऱ्यांनी वीजदाब आधी पाहावा. अमेरिकेतली अनेक यंत्रे फक्त १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्या २३० व्होल्टला थेट जोडल्यास जळतात. वजनदार ट्रान्सफॉर्मर प्रत्येक कार्यक्रमाला वागवण्यापेक्षा ११० ते २४० व्होल्ट चालणारे यंत्र शोधलेले बरे.

ध्वनियंत्रणेशी जोडणी करताना पहिल्या दोन महिन्यांत फार मनस्ताप झाला. प्लेअर मंचाजवळ, सगळे आवाज एकत्र करणारा मिक्सर सभागृहाच्या मागे आणि प्रोजेक्टर तिसऱ्याच ठिकाणच्या विजेवर असला की स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येई. एका ठिकाणी मदतीला आलेल्या माणसाने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. तसे कधीही करू नये. गायकाच्या हातात धातूचा माइक असतो आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो. मिक्सरकडे जाणाऱ्या वायरीवर डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे पाठवणारी छोटी पेटी, बसवल्यावर घुमणे पूर्ण थांबले. ज्या यंत्राला मागे एक्सएलआर (व्यावसायिक ध्वनियंत्रणेतली तीन पिनांची) जोडणी आहे ते मिळत असेल आणि खर्च झेपत असेल, तर तेच घ्यावे. माझ्या यंत्राला ती नाही. माइक लावण्याची दोन छिद्रे आणि इकोची बटणे मात्र आहेत, त्यांचा आम्हाला काहीही उपयोग झाला नाही. माइक थेट मिक्सरलाच जोडावेत.

जुलैतल्या कार्यक्रमात यंत्राने वीस मिनिटे एकही डिस्क वाचली नाही. गाडीतल्या थंडाव्यातून ते पावसाळी, दमट सभागृहात आणले होते आणि आतल्या भिंगावर बाष्प साचले होते. ते आपोआप उडून गेले आणि यंत्र पूर्ववत झाले. तेव्हापासून कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी मी ते नुसतेच चालू करून ठेवते. सातव्या महिन्यात डिस्क आत-बाहेर करणारा खण अडकू लागला. आतला रबरी पट्टा सैल पडला होता. ओळखीच्या तंत्रज्ञाने तो अर्ध्या तासात बदलून दिला. हा पट्टा झिजतोच, त्यामुळे तो सुटा मिळतो का, हे खरेदीच्या वेळी विचारून ठेवावे. वीज क्षणभर गेली तरी यंत्र आपली जागा विसरते, म्हणून प्लेअर आणि प्रोजेक्टर लहान यूपीएसवर ठेवले आहेत.

एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती, ती म्हणजे डिस्क बदलण्याचा वेळ. ऑडिओ सीडी घातल्यापासून तयार व्हायला बारा सेकंद, डीव्हीडीला वीस. जुनी काढून पाकिटात ठेवण्यासकट प्रत्येक गाण्यामागे अर्धे मिनिट जाते. पंचवीस गाण्यांच्या कार्यक्रमात ही साडेबारा मिनिटे होतात. गणेशोत्सवात उघड्या मांडवात रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा असेल, तर तेवढ्यात दोन किंवा तीन गायकांची गाणी राहून जातात, आणि राहते ती नेहमी यादीत शेवटी असलेल्या नवख्यांची. त्यांची महिनाभराची तयारी आणि घरची माणसे समोर बसलेली पाहिली की हे सहन होत नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये मी याच मॉडेलचे दुसरे यंत्र घेतले. दोन्ही मिक्सरच्या वेगवेगळ्या चॅनलवर असतात. एकावर गाणे चालू असताना दुसऱ्यात पुढची डिस्क तयार असते, पट्टी लावलेली असते आणि पहिला सूर मी हेडफोनवर ऐकून घेतलेला असतो. या वर्षीच्या गणेशोत्सवात आमचे चारही कार्यक्रम या जोडीवर झाले. शेवटच्या दिवशी दहाला सात मिनिटे बाकी असताना यादीतले पंचविसावे गाणे सुरू झाले, आणि ते एका पहिल्यांदाच मंचावर आलेल्या मुलीने दोन्ही अंतऱ्यांसह पूर्ण गायले.