व्हॅक्युम क्लीनरचे पार्ट: ओरिजिनल घ्यायचे की बाहेरचे?

सरसकट ओरिजिनलच घ्या असं मी म्हणणार नाही, पार्ट कुठला आहे त्यावर आहे सगळं. फिल्टर असेल तर मात्र मी कंपनीचाच घेतो, कारण एकदा बाहेरचा हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर) घातला होता, दिसायला अगदी जुळा भाऊ, पण कडेचं रबर जरा पातळ होतं आणि महिन्याभराने उघडून बघतो तर फिल्टर स्वच्छ अन् त्याच्या मागच्या बाजूला पिठासारखी बारीक धूळ! म्हणजे हवा फिल्टरमधून न जाता कडेच्या फटीतून जात होती. पाकिटावर एच१३ लिहिलेलं होतं बरं का, म्हणजे ९९.९५ टक्के कण अडवणारा, पण सील बसलं नाही तर त्या आकड्याचं काय करायचं?

होज, नोझल, कागदी बॅग यांना बाहेरचं चालतं, पाइपचा व्यास मोजून घ्या, ३२ आणि ३५ मिमी दोन्ही मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) बाहेरचे चालतील, पण लांबी-रुंदी-जाडी जुन्याशी ताडून बघा आणि बदलताना जोडीनेच बदला. फार कडक कार्बन असेल तर कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा तांब्याचा फिरता भाग, खरवडतो, मग मोटरच गेली. गालिचा झाडणारा रोलर ज्याने फिरतो त्या बेल्टचं तेच, थोडा सैल आला की रोलर गालिच्यावर अडकतो आणि रबर जळल्याचा वास येतो.

आणि हो, मॉडेल नंबर मशीनच्या खालच्या स्टिकरवरून घ्या, खोक्यावरून नको.