मूरक्रॉफ्ट की क्लॅरिस क्लिफ: पहिली वस्तू कोणती घ्यावी?

मूरक्रॉफ्ट हा भांड्यांचा कारखाना, तर क्लॅरिस क्लिफ ही भांड्यांवरच्या नक्षीची रचनाकार. दोन्ही नावांच्या जुन्या मातीच्या वस्तू संग्राहक जमवतात. दोन्ही इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या, पण घडण अगदी वेगळी.

टिकाऊपणात मूरक्रॉफ्ट सरस. पातळ मातीची बारीक धार सोडून नक्षीची उंच रेघ काढतात, रेघांमधल्या जागेत रंग भरतात आणि वरून झिलई देतात. रंग झिलईखाली असल्याने सहसा झिजत नाही. झिलईत बारीक भेगांची जाळी मात्र पडते. ती जुन्या वस्तूंत नेहमीची, तिला घाबरू नये. क्लॅरिस क्लिफचा रंग मधाच्या रंगाच्या झिलईवर असतो, म्हणून तो खरवडतो, टवके उडतात. ही भांडी डिशवॉशरमध्ये कधीच घालू नयेत.

ओळख पटवताना क्लॅरिस जास्त फसवते, कारण छापील शिक्का नकली वस्तूवरही मारता येतो. शिक्क्याआधी रंग पाहा. १९२८च्या ‘क्रोकस’ या फुलांच्या नक्षीमध्ये पाकळ्या कुंचल्याच्या ठळक फटकाऱ्यांनी उमटतात, पानांच्या हिरव्या रेघा भांडं उलटं धरून ओढलेल्या. खाली मातीचा तपकिरी पट्टा, वर उन्हाचा पिवळा. फटकारे फिके, पाणचट असतील तर सोडून द्या. मूरक्रॉफ्टमध्ये उंच रेघेवरून बोट फिरवा, तळाचा ठसा आणि सही पाहा. १९१३ आधीच्या वस्तूंवर, त्या तेव्हा जिथे बनत त्या मॅकिन्टायर कारखान्याचा शिक्काही सापडतो.

डागडुजी दोन्हींत दडवलेली असते. अतिनील दिव्याखाली नवा भराव बहुधा वेगळा चमकतो.

किमतीत ‘क्रोकस’ त्यातल्या त्यात आवाक्यात. क्लॅरिसची निसर्गदृश्यं आणि मूरक्रॉफ्टच्या सुरुवातीच्या मोठ्या फुलदाण्या महाग.

एकच फुलदाणी घेऊन वर्षानुवर्षं हाताळायची असेल तर मूरक्रॉफ्ट. कपाटात रंगीत संच हळूहळू जमवायचा असेल तर क्लॅरिस.