शार्लोट, गंगासागर की धामापूर? तळ्याकाठच्या एका दिवसाच्या तीन वाटा

डोंगर, तळं आणि संध्याकाळी घरी परत, एवढंच हवं असेल तर कोकणात तीन नावं हमखास पुढे येतात: माथेरानचा शार्लोट लेक, रायगडावरचा गंगासागर आणि मालवण तालुक्यातलं धामापूर. तिन्ही ‘सोपी’ म्हणून सांगितली जातात, आणि इथेच फसगत होते. माथेरानला चाल लांब पण बरीचशी सपाट आणि सावलीतली. रायगडाला अंतर कमी, पण सगळं पायऱ्यांचं. धामापूरला चढ नावापुरता. दमवतो तो दमट उकाडा.

बरोबर आजी-आजोबा किंवा पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर शार्लोटच घ्या. नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते, तिथून पुढे खासगी गाड्यांना बंदी. नाक्यापासून बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटर, आणि बाजारातून तळं आणखी दोनेक. सगळं पायी केलं तर जाऊन-येऊन नऊ-दहा किलोमीटर होतात, म्हणजे रमतगमत चार-पाच तास. त्यातली पहिली चाल वाचवायची तर नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल मिळते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, शटल सुरू राहते. परतीच्या शेवटच्या शटलची वेळ मात्र वर पोचल्या पोचल्या पाहून ठेवा. रविवारी संध्याकाळी तिकिटाची रांग फार वाढते.

वाट चुकण्यासारखी नाही, घसरण्यासारखी आहे. जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात भुगा होऊन पायाखाली सरकते, पावसात तिच्यात घोड्यांची लीद मिसळते. गुळगुळीत तळव्याचे पांढरे बूट दोन्ही ऋतूंत वाया जातात. खाऊ प्लास्टिकच्या पिशवीत हातात धरू नका; पिशवी खुळखुळली की माकड आलंच. तळ्याशी पिसारनाथाचं देऊळ आहे, एको पॉइंट आणि लॉर्ड पॉइंट जवळच आहेत. हे पाणी गावाला प्यायला जातं, त्यामुळे त्यात उतरायचं नाही. घोडा करणार असाल तर कुठले पॉइंट, किती वेळ आणि एकूण किती पैसे, हे टांग टाकण्याआधी ठरवा.

रायगडाचं गणित वेगळं. समुद्रसपाटीपासून 820 मीटर उंची, चित दरवाजाकडून चौदाशेहून अधिक पायऱ्या, आणि वाटेत सावली फारच थोडी. नेहमी न चालणाऱ्याला महादरवाजा गाठून वर यायला दीड ते दोन तास लागतात. आदल्या रात्री पायथ्याच्या पाचाडला मुक्काम असेल किंवा साडेसहाला चढायला सुरुवात करता येत असेल, तर हा ट्रेक खरंच सोपा आहे. दहा वाजता सुरुवात केलीत तर तोच ट्रेक शिक्षा वाटेल, कारण तापलेला काळा दगड खालूनही भाजतो. माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेवर ताक, लिंबूसरबत, काकडी विकणारी मंडळी असतात, पण भर पावसात किंवा आडवारी त्यांच्यावर विसंबू नका.

गुडघे चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात. पायऱ्यांची उंची सारखी नाही. पावलांना लय सापडत नाही आणि प्रत्येक धक्का पुढच्या गुडघ्यावर येतो. म्हणून गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी चढून जावं आणि रोपवेने उतरावं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. यात एक गोम आहे: रोपवे हिरकणीवाडीत उतरवतो, तुमची गाडी राहते चित दरवाजाशी, तेव्हा मधलं अंतर रस्त्याने कापावं लागतं. जोराचा वारा सुटला की रोपवे थांबतो, तेव्हा पायी उतरण्याइतका वेळ हाताशी ठेवा. अतिवृष्टीत पायऱ्यांवरून अक्षरशः ओढे वाहतात. अशा दिवशी जाऊच नये.

वर हत्ती तलाव आधी लागतो, मग गंगासागर आणि त्याच्या काठचे दोन मनोरे. नुसतं तळं पाहून परतायचं नसेल तर होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर आणि महाराजांची समाधी यासाठी दोन-अडीच तास धरा. 6 जून आणि तिथीचा राज्याभिषेक सोहळा या दिवसांत गडावर लोटलेली गर्दी अनुभवण्यासारखी असते, पण निवांत तळ्याकाठी बसण्याची ती वेळ नव्हे.

या दोघांत अडलात तर तोडगा साधा आहे. सोबतच्या सगळ्यात कमकुवत माणसाला तीन मजले न थांबता चढता येतात का? येत असतील तर रायगड, नाहीतर माथेरान.

धामापूर या शर्यतीत नाही. मुंबईहून त्यासाठी एका दिवसात जाऊन येणं व्यर्थ आहे. मालवण-कुडाळकडे सुट्टीला असाल तरच विचार करा, पण तेव्हा चुकवू नका. 1530 साली नागेश देसाई यांनी डोंगरांच्या मध्ये बांध घालून हे तळं केलं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, भोवती दाट झाडी. ‘ट्रेक’ म्हणावा असं इथे काही नाही. देऊळ, बांध आणि काठची झाडी मिळून तास-दीड तासाची फेरी होते. सकाळी नऊच्या आत आटोपा, नंतर वारा पडला की घामाच्या धारा लागतात. पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय धुवायलासुद्धा जपून उतरा. आणि एसटीने येत असाल तर कुडाळला नुसतं ‘मालवण’ म्हणून बसू नका. कसालवरून जाणारी गाडी धामापूरला येत नाही. नेरूरपारवरून जाणारी विचारून घ्या, आणि उतरतानाच कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारा.