शिस्त टेबलावर, पैसे शेठकडे

आधी आकडा सांगून टाकतो: ऑनलाइन पोकरच्या एका क्लबात माझे ४१,२१० रुपये बुडाले. पेपरात रोज लाखा-कोटींच्या फसवणुकी छापून येतात, त्यात हा आतल्या पानावरही बसणार नाही. पण ज्या रीतीनं तो गेला ती रीत अजून चालू आहे, आणि तिच्यात सापडतात ती सबुरीवाली माणसं. म्हणून लिहितोय.

मी कर्वेनगरला राहतो, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापणं आणि भरणं हे माझं रोजचं काम. हे लक्षात ठेवा, पुढे हसायला उपयोगी पडेल.

जानेवारी २०२२ मध्ये पोकर या पत्त्यांच्या पैशांवरच्या खेळाच्या एका साइटवर ४,००० रुपये टाकले आणि ठरवलं की यापुढे खिशातून रुपयाही घालायचा नाही. ४,०००च का? एक रुपया-दोन रुपये ब्लाइंडच्या (पत्ते वाटायच्या आधी आळीपाळीनं सक्तीनं भरायच्या दोन रकमा, मोठी ती बिग ब्लाइंड) टेबलावर शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसायला २०० लागतात, आणि बँकरोलच्या, म्हणजे खेळासाठी ठेवलेल्या एकूण रकमेच्या, पाच टक्क्यांपेक्षा जास्त एका टेबलावर न्यायचं नाही हा नियम. २/५ ला बसायचं तर १०,००० हवेत, ५/१० ला २०,०००. रक्कम घटली की मुकाट खालच्या टेबलावर. टेबलावरचे पैसे बँकरोलच्या दहा टक्क्यांवर गेले की पुढची ब्लाइंड भरायच्या आत उठायचं. नियम माझे नाहीत. २००० सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा विजेता ख्रिस फर्ग्युसन यानं याच धर्तीच्या नियमांवर शून्यापासून सुरुवात करून २००७ मध्ये दहा हजार डॉलर गाठले होते.

माझी कमाई ऐकाल तर कीव येईल. शंभर हातांमागे (एक हात म्हणजे एक डाव) साधारण पाच बिग ब्लाइंड, म्हणजे १/२ ला दहा रुपये. दोन टेबलं लावली की तासाला एकशेतीस हात, म्हणजे तेरा रुपये. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात एक चहा. पण रात्री एक्सेलमध्ये ओळ भरताना जे वाटायचं ते पगाराच्या दिवशीही वाटत नव्हतं.

मार्च २०२४ अखेर बँकरोल ४१,००० झाला होता. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस लागू झाला होता, आणि पैसे काढले नाहीत तरी आर्थिक वर्ष संपलं की साइट तो खात्यातूनच कापायची. माझे ६,३०० गेले. कलम तोंडपाठ असूनही फार लागलं. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर चरफडलो, आणि पाठोपाठ (इथे माझा शहाणपणा) अख्खं एक्सेल शीटही टाकलं. बघा लोकहो, सव्वादोन वर्षं, एकदाही नियम मोडला नाही!

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. ‘साहेब, शीट पाहिलं. असे शिस्तीचे प्लेअर राहिलेत कुठे? आमच्या क्लबला तुमच्यासारखेच हवेत.’ स्वच्छ पुणेरी मराठी. बोलण्यात पेठांतले बोळ, शनिवारवाड्याची पार्किंगची कटकट, सगळं यायचं. त्याला सगळे शेठ म्हणायचे. फोनवर चार-पाच वेळा बोललो, ‘या एकदा चहाला’ असं तो दर वेळी म्हणायचा. तो चहा कधी झाला नाही.

क्लबचं गणित असं. ॲप कुणा तिसऱ्याचं, आणि त्यातल्या चिप्स कागदोपत्री निव्वळ खेळण्यातल्या. खरे पैसे तुम्ही एजंटला, म्हणजे इथे शेठला, यूपीआयनं द्यायचे, तो ॲपमध्ये चिप्स टाकणार. काढायचे असतील तर चिप्स त्याला परत, तो पैसे पाठवणार. टीडीएस नाही, जीएसटी नाही. आणि भांडण झालं तर ॲपवाला म्हणणार, आमच्याकडे पैशांचा व्यवहारच होत नाही. यूपीआयचं नाव दर वेळी वेगळं: कधी मोबाइलच्या दुकानाचा क्यूआर, कधी कुणा बाईंचं खातं. हे मला खटकलं होतं. विचारलं, तर ‘लिमिटचा प्रॉब्लेम, साहेब’ म्हणाला. पटवून घेतलं.

आधी २,००० टाकून पाहिले. पंधरा दिवसांनी ३,५०० मागितले, ते वीस मिनिटांत खात्यात. मग साइटवरून काढलेले बाकीचे ३२,०००ही टप्प्याटप्प्यानं तिकडे गेले. गंमत बघा: एका टेबलावर पाच टक्क्यांच्या वर कधी नेले नाहीत, आणि एका अनोळखी माणसाच्या हातात शंभर टक्के.

हे मला सुचायला हवं होतं, कारण दाखला माहीत होता. फर्ग्युसन ज्या फुल टिल्टवर खेळला, त्याच साइटवर खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत जेमतेम ६ कोटी, असं अमेरिकी न्याय खात्यानं २०११ मध्ये कोर्टात म्हटलं. म्हणजे आदर्श बँकरोल जिथे उभा राहिला, तिथेच बँक रिकामी. मी तो किस्सा मित्रांना रंगवून सांगायचो.

शीट मात्र ओरडून सांगत होतं. क्लबवर शंभर हातांमागे अठरा बिग ब्लाइंड येत होते, तेही बावीस-तेवीस हजार हातांवर. साइटवर पाच, इथे अठरा? मी म्हटलं, समोरचे कच्चे आहेत. ठरावीक तीन खेळाडू एकमेकांसमोर कधी शेवटपर्यंत पत्ते उघडायचे नाहीत, माझ्यासमोर मात्र टाकाऊ पत्त्यांवरही कॉल करायचे, म्हणजे मी लावलेल्या रकमेइतकी भर घालून खेळात राहायचे. त्यांना हरायचंच होतं. हरलेल्या चिप्सचं त्यांना काय जात होतं? मी खूश राहून पैसे आत ठेवणं एवढंच त्यांना हवं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ॲपवर ७१,४०० दिसत होते. सेकंडहँड ॲक्टिव्हासाठी ५०,००० मागितले. उत्तर आलं, ‘गणपती आहेत साहेब, पोरं मंडळात.’ पुण्यात या कारणावर कोण शंका घेणार? विसर्जन झालं. मग ‘ऑडिट चालू आहे’. मी थांबलो. थांबण्याचीच तर सवय लावून घेतली होती.

ऑक्टोबरात मेसेज आला: सरकारची नोटीस आहे, आधी ३० टक्के टीडीएस भरा, २१,४२० रुपये, मग सगळी रक्कम एकदम. आता हसा. टीडीएस देणाऱ्याकडून कापून येतो, घेणाऱ्यानं आधी पाठवायचा नसतो, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. तरी घासाघीस करून निम्मे, १०,७१० पाठवले. कारण स्क्रीनवर ७१,४०० होते आणि ते मला माझे वाटत होते. दोन दिवसांनी २८ टक्के जीएसटी मागितला, तेव्हा डोळे उघडले. मी आवाज चढवताच क्लब गायब, नंबर बंद.

इथे दुसरी चूक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लगेच करायला हवा होता. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळवलं तर ते रोखले जाऊ शकतात. मी नऊ दिवस घालवले, कारण भीती: पोकर खेळलो म्हणून मलाच आत टाकतील. शेवटी तक्रार नोंदवली आणि शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं, आणि मग विचारलं, ‘चेहरा पाहिलाय का कधी त्याचा?’

डिसेंबरात एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत कळलं, माझं पगाराचं खातं दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून गोठवलंय. ते वीस मिनिटांत आलेले ३,५०० आठवतात? ते अशाच कुणा फसलेल्या माणसाच्या पैशांतले होते. शेठ एकाचे उचलून दुसऱ्याला देत होता. घराचा हप्ता परत गेला, आणि घरी सांगावंच लागलं. बायको ऐकून घेऊन म्हणाली, ‘अहो, मी भिशीत तेरा बायकांचे पैसे सांभाळते. एकीचं तरी घर मला माहीत नाही असं झालंय का?’ तपास अधिकाऱ्यांना स्टेटमेंट, स्क्रीनशॉट, माझ्या तक्रारीची पावती हे सगळं ईमेलनं पाठवून खातं सुटायला सात आठवडे लागले. स्वतःची तक्रार आधीच नोंदवलेली होती, तिचाच काय तो उपयोग झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, मोठ्या साइट्सनी टेबलं बंद केली. त्यात खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तेव्हा माझ्यासारखे नऊ दिवस घालवू नका. त्याच आठवड्यात मला एका नव्या नंबरवरून मेसेज आला. ‘साहेब, साइट्स बंद झाल्या, आपला क्लब चालू आहे. तुमच्यासारखे शिस्तीचे प्लेअर हवेत.’ स्क्रीनशॉट काढला आणि जुन्या तक्रारीला जोडायला शिवाजीनगरला निघालो.